मोठ्यांनाही पडायला मैदान हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ जूनच्या जागतिक सायकल दिनानिमित्त आपल्या दैनिकाने सायकलफेऱ्यांची छायाचित्रे आणि सायकलीचे फायदे सांगणारा मजकूर अगत्याने छापला, त्याबद्दल आभार. एकदा शिकलेली सायकल माणूस कधी विसरत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलेले वाक्य त्यातही होते. ते खोटे नाही; परंतु जो माणूस एकदा वाईट रीतीने पडला आहे आणि ज्याची मध्ये तीस-पस्तीस वर्षे सायकलीला हात न लावता गेली आहेत, त्याला ते धीर देत नाही, उलट खजील करते. कोणीच विसरत नसेल, तर मग मलाच का जमत नाही, असे त्याला वाटते आणि तो पुढे काही विचारतच नाही. मी अशांपैकीच एक होते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, गेल्या हिवाळ्यात, मी पुन्हा सायकलीवर बसले आणि आता मंडईपर्यंत जाऊन भाजी आणते. या खटपटीत जे ध्यानात आले, त्यावरून एक साधी मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे बालपण पुण्यातील पेठेत गेले. तेव्हा पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई आणि ते कौतुकाचे बिरूद नव्हते, ती साधी वस्तुस्थिती होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली दिसत. सायकलीवर कर होता, तो भरल्याचा पितळी बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा कोणी डबलसीट बसले असले की पोलीस अडवत आणि कधी कधी चाकातली हवाच सोडून देत. आम्ही मुली भाड्याच्या सायकलीवर शिकलो, तीही मोठ्या माणसांची, उंच. सीटवर बसणे शक्यच नव्हते, म्हणून नळीखालून पाय पलीकडे घालून, अंग वाकडे करून, अर्धेअर्धे पायडल मारत वाड्यापासून पारापर्यंत जायचे. गुडघे फुटत, त्यावर हळद लागे आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे, कारण गल्लीतली सगळीच पोरे त्या वयात पडत होती. हा शेवटचा मुद्दा मला पुढे फार महत्त्वाचा वाटू लागला, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवते.

१९९१ च्या पावसाळ्यात, नोकरी लागून दोन वर्षे झाली होती, तेव्हा संध्याकाळी घरी येताना डाव्या कडेला उभ्या असलेल्या एका मोटारीचे चालकाच्या बाजूचे दार अचानक उघडले. दार हँडलला लागले आणि मी उजव्या हातावर रस्त्याच्या मध्यभागी पडले. मागून येणारी बस थांबली, ती माझ्यापासून हातभर अंतरावर. मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर होते, ते सुटले आणि हात पूर्ववत झाला. परंतु त्या क्षणातल्या दोन गोष्टी मात्र आजही तशाच्या तशा आहेत. एक म्हणजे बसच्या ब्रेकचा आवाज. दुसरी म्हणजे डब्याचे झाकण: स्टीलचा डबा उघडून उरलेली भाजी ओल्या डांबरावर सांडली होती आणि झाकण गोल गोल फिरत गटारापर्यंत गेले होते. बसच्या वाहकाने ते झाकण उचलून, स्वतःच्या शर्टाला पुसून, माझ्या हातात दिले. मला रडू आले ते त्याच वेळी. पुढे सायकल वाड्याच्या जिन्याखाली पडून राहिली, टायर वाळून तडकले आणि एके दिवशी ती भंगारात गेली. मी त्या दिवशी मुद्दाम घरी थांबले नाही.

गंमत अशी की, त्यानंतर मी बावीस वर्षे बिनगियरची स्कूटर याच शहरात, याच रहदारीत चालवली. तिची भीती कधी वाटली नाही. त्यामुळे माझी भीती रस्त्याची आहे, असे मला आणि घरच्यांना वाटत होते, ते चूकच होते. स्कूटरवर दोन्ही पाय जमिनीला टेकतात आणि मूठ पिळली की ती निमूट सरळ निघते. सायकल मात्र पहिल्या चार-पाच हातांच्या अंतरात झोकांड्या खाते, आणि माझी सगळी भीती त्या झोकांड्यांत होती. २०१७ च्या अखेरीस पुण्यात मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या, तेव्हा मी हौसेने एकीचे कुलूप उघडले, दहा मिनिटे तिच्या शेजारी उभी राहिले आणि पुन्हा कुलूप लावून चालत घरी आले.

या सगळ्याला तोंड फुटले ते एका फजितीमुळे. शेजारच्या मुलीची परीक्षा होती, म्हणून तिची सायकल ब्रेक घट्ट करून आणण्याचे मी कबूल केले आणि ती हातात धरून सुमारे एक किलोमीटर चालत दुकानापर्यंत नेली. दुकानदार मिस्त्रींनी चाके दाबून पाहिली, मागचे चाक उचलून फिरवले आणि विचारले, "काकू, हवा तर भरपूर आहे, मग हातात धरून का आणली?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. परत येताना मात्र ती किलोमीटरभराची वाट मला फार लांब वाटली. दुसऱ्या दिवशी मी त्याच दुकानात गेले आणि मिस्त्रींना खरे काय ते सांगितले. ते हसले नाहीत. त्यांच्याकडे एक जुनी, बुटकी लेडीज सायकल विकायला होती. तिची सीट त्यांनी खाली, अगदी शेवटपर्यंत उतरवली, मला वर बसवले, दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकतात की नाही ते वाकून पाहिले आणि मग पंधरा नंबरचा पाना घेऊन दोन्ही पायडलेच काढून टाकली. डावीकडचे पायडल उलट्या आट्यांचे असते, ते नेहमीच्या दिशेने फिरवले तर आणखी घट्ट बसते, हे मला त्या दिवशी कळले. पायडले वर्तमानपत्राच्या कागदात बांधून त्यांनी माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाले, "पंधरा दिवस नुसती पायांनी ढकलत चालवा. मग या."

मिस्त्रींना हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण जगातली पहिली दुचाकी अशीच होती. १८१७ साली जर्मनीत मानहाइम येथे कार्ल ड्राइस यांनी चालवून दाखवलेल्या लाकडी यंत्राला पायडले नव्हतीच. स्वार दोन्ही पायांनी जमीन मागे रेटत पुढे जाई. पायडले आली ती फ्रान्समध्ये, १८६० च्या दशकात. म्हणजे माणसाने आधी तोल शिकला आणि चाळीसेक वर्षांनी पायडल मारणे शिकला. आपण मात्र शिकाऊ माणसाला दोन्ही गोष्टी एकाच सकाळी करायला लावतो, आणि वर सीट इतकी उंच ठेवतो की पडण्याशिवाय दुसरा मार्ग उरू नये.

आता अडचण जागेची. सोसायटीच्या वाहनतळात मी एक दिवस प्रयत्न केला. दूधवाला, पेपरवाला, पहारेकरी आणि फिरायला निघालेले तीन ज्येष्ठ नागरिक यांनी मिळून मला सात मिनिटांत अकरा सूचना केल्या. कोणाचा हेतू वाईट नव्हता. परंतु भ्यालेल्या माणसाला बघ्यांइतके जड ओझे दुसरे नसते. लक्ष तोलाकडे राहत नाही, आपण कसे दिसत आहोत याकडे जाते, आणि हात आखडतात. जवळच्या एका शाळेत विचारले, तर मैदान केवळ विद्यार्थ्यांसाठी आहे, असे उत्तर मिळाले. ते मैदान रविवारी सकाळी पूर्ण रिकामे असते, हे मी माझ्या खिडकीतून दर आठवड्याला पाहते. शेवटी एका जुन्या मैत्रिणीच्या ओळखीने दुसऱ्या एका शाळेचे मैदान सकाळी सहा ते सातपर्यंत मिळाले.

तिथे जे घडले ते थोडे सविस्तर सांगते, कारण भीती जाते म्हणजे नेमके काय होते, हे सायकलीच्या फायद्यांवरील लेखांत कधी येत नाही.

पहिले चार दिवस मी केवळ ढकलत राहिले. पाचव्या दिवशी थोड्या उतारावर दोन्ही पाय उचलले आणि मनात एक, दोन, तीन मोजले. तीनला पाय टेकले. नवव्या दिवशी अकरापर्यंत पोहोचले. या काळात मला सतत छळत होता तो मैदानाच्या मध्यभागी असलेला ध्वजस्तंभ. सगळे मैदान मोकळे असताना माझी सायकल हटकून त्या चौथऱ्याकडेच जाई. अभियांत्रिकी शिकणारी माझी भाची एकदा सोबत आली होती. तिने पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाली, "मावशी, तू खांबाकडे बघतेस, म्हणून खांबाकडे जातेस. मागच्या दाराकडे बघ." मी दाराकडे पाहू लागले आणि सायकल दाराकडे गेली. इतके सोपे होते. भीती माणसाला नेमके तेच बघायला लावते, जे टाळायचे असते.

तिनेच मला दुसरी गोष्ट समजावली. चाके गरगर फिरत असल्यामुळे भोवऱ्याप्रमाणे सायकल उभी राहते, असे आम्हाला शाळेत सांगितले गेले होते. अमेरिकेतील कॉर्नेल आणि नेदरलँड्समधील डेल्फ्ट या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०११ साली एक अशी दुचाकी बनवून दाखवली की, जिच्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम उलट फिरणारी चाके जोडून जवळपास नाहीसा केलेला होता. तरीही ढकलून दिल्यावर ती स्वाराविना काही अंतर सरळ गेली. महत्त्वाचे ते हँडलचे वळणे. सायकल डावीकडे कलली की पुढचे चाक डावीकडे वळावे लागते, म्हणजे चाके पुन्हा अंगाखाली येतात आणि तोल सावरतो. वेग कमी असेल, तर हँडल अधिक वळवावे लागते. म्हणूनच सुरुवातीला झोकांड्या जास्त. आता भ्यालेला माणूस काय करतो? तो हँडल जिवाच्या आकांताने घट्ट धरतो, त्याला हलू देत नाही आणि शिवाय भीतीपोटी वेग कमी करतो. म्हणजे जे करायला हवे त्याच्या नेमके उलट. मला ज्या झोकांड्या पडण्याची सुरुवात वाटत होत्या, ती सायकलीची सावरण्याची धडपड होती. हे कळल्यावर मी मुठी सैल सोडल्या. लगेच सगळे जमले असे नाही, पण झोकांडी आली की पोटात जो खड्डा पडे, तो लहान होत गेला.

यजमानांनी मदत करण्याचा आग्रह धरला होता. मागून कॅरिअर धरून पळायचे आणि न सांगता हळूच सोडून द्यायचे, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. लहान मुलांना ती चालते, कारण 'कधीच सोडली होती' हे कळल्यावर मूल हसते. पन्नाशीच्या पुढच्या बाईला तसे केले, तर पुढच्या खेपेस ती मागे वळून पाहिल्याशिवाय पायच उचलत नाही. मी त्यांना मैदानाच्या कडेला उभे केले आणि वेगळे काम दिले. मी सरळ रेषेत जायचे, उजव्या खांद्यावरून मागे पाहायचे आणि त्यांनी वर केलेली बोटे मोजून सांगायची. रस्त्यावर उजवीकडे वळायचे असेल, तर हीच एक कसरत खरी लागते: मान मागे आणि सायकल सरळ. आधी प्रत्येक वेळी मानेबरोबर हँडलही वळे. हे जमायला मला सायकलीवर बसण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

पंधराऐवजी तेवीस दिवसांनी पायडले पुन्हा बसली. मिस्त्रींनी सीट फक्त दोन बोटे वर घेतली. पायडलांवर मात्र पाय असे फिरले, जणू मधली वर्षे नव्हतीच. आपण म्हणता ते एवढ्यापुरते अगदी खरे आहे, संपादक महोदय. नावे आणि तारखा मेंदूत जिथे साठतात, त्याहून वेगळ्या जागी हातापायांची ही सवय साठते आणि ती सहजासहजी पुसली जात नाही. परंतु भीतीही अशीच टिकून राहते, आणि तिच्यापासून जितके लांब राहावे तितकी ती मोठी होते, कारण ती खोटी ठरण्याची संधीच तिला कधी मिळत नाही. ती संधी लहान लहान घासांत मिळावी लागते. माझ्या बाबतीत पहिला घास तीन आकड्यांचा होता.

मोठ्या वयात सायकल शिकणे ही काही नवलाई नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबरच ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकवण्याचे काम झाले. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ते उचलून धरले आणि हजारो स्त्रिया सायकलवर बसल्या: शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, परिचारिका, शिक्षिका. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा अनेकींनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच अधिक सोयीच्या वाटल्या, कारण पुढच्या नळीवर मूल बसवता येत असे. हे वाचल्यापासून मला राहून राहून वाटते की, त्या स्त्रियांना मिळालेली सर्वांत मोठी सोय म्हणजे सोबत पडणाऱ्या इतर स्त्रिया. माझ्या लहानपणी गल्लीत ती सोय आपोआप होती. मोठेपणी ती मुद्दाम करावी लागते. नेदरलँड्समध्ये तर बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या प्रौढ स्त्रियांसाठी सायकलचे रीतसर वर्ग चालतात, आणि ज्या देशात सायकल घराघरांत आहे, तिथे ही गरज मान्य करण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

आपल्याकडे शाळकरी मुलींना सायकली देण्याच्या योजना आहेत आणि त्या योग्यच आहेत. फेऱ्याही निघोत. परंतु फेरीत तोच येतो, ज्याला आधीच चालवता येते. कडेला उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्यांत किती जण मनातल्या मनात पायडल मारत असतात, याची नोंद कोणी घेत नाही. म्हणून माझी मागणी नवे मार्ग किंवा नव्या सायकली देण्याची नाही, त्यासाठी लिहिणारे पुष्कळ आहेत. शाळांनी आपली मैदाने रविवारी सकाळी सहा ते साडेसात या वेळेत मोठ्या माणसांना सायकलच्या सरावासाठी उघडावीत, एवढेच. मंडप, ध्वनिक्षेपक, प्रमुख पाहुणे यांपैकी काहीही नको. दार उघडणारा एक शिपाई आणि पाना बाळगणारा एखादा मिस्त्री पुरे. आमची सगळ्यांची एक सायकल असली तरी चालते, कारण एक जण चालवत असताना बाकीच्यांना दमच लागलेला असतो.

आणखी एक विनंती मोटारी चालवणाऱ्यांना आहे, आणि ती करण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी मानते. गाडी कडेला उभी केल्यावर चालकाने आपल्या उजवीकडचे दार डाव्या हाताने उघडावे. तसे करताना अंग आपोआप वळते आणि मागून येणारा दिसतो. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत जानेवारी २०२२ पासून ही सूचना समाविष्ट आहे, आणि तिथेही चालक आपल्यासारखाच उजवीकडे बसतो. मी स्वतः आता उभ्या गाड्यांपासून दार पूर्ण उघडेल इतके अंतर ठेवून चालवते. त्यामुळे मागून भोंगे वाजतात. वाजोत बापडे.

भीती संपली, असे मी म्हणणार नाही. बसचा ब्रेक करकचून लागला की आजही खांदे वर उचलले जातात. एका मोठ्या चौकात मी अजून उतरते आणि सायकल हातात धरून झेब्रा पट्ट्यांवरून रस्ता ओलांडते. त्यात मला पराभव वाटत नाही. आता पाऊस सुरू होईल, तेव्हा ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि पडलेल्या पानांवर ब्रेक मारायचा नाही, हा नवा धडा गिरवायचा आहे.

मला मिळालेल्या त्या मैदानावर सध्या दर रविवारी आणखी पाच जण येतात. चार स्त्रिया आहेत आणि एक निवृत्त गृहस्थ. त्या गृहस्थांनी आयुष्यात कधीच सायकल चालवलेली नाही, आणि आपण कुठे जातो हे त्यांनी घरी अद्याप सांगितलेले नाही. मुलाला वाटते की बाबा हास्य क्लबला जातात. गेल्या रविवारी ते सतरापर्यंत पोहोचले. येत्या रविवारी त्यांची पायडले बसवायची आहेत. मैदानाचा पत्ता आणि माझे नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही. शिकायला येणाऱ्यांनी आपल्या कार्यालयात चौकशी केल्यास त्यांना पत्ता जरूर द्यावा. बघायला येणाऱ्यांना मात्र देऊ नये.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे